फलक नसलेल्या रस्त्यावर ३० : वस्तीतली मूळ वेगमर्यादा खाली आणताना

रस्त्यावर वेगाचा फलकच नसेल, तर गाडी जास्तीत जास्त किती वेगाने न्यायची? बहुतेक देशांच्या वाहतूक कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं असतं. फलक नसताना आपोआप लागू होणारी ही मर्यादा म्हणजे मूळ मर्यादा. शहरी रस्त्यांसाठी अनेक देशांत ती ताशी ५० किलोमीटर आहे. एखाद्या गल्लीत ती ३० वर आणायची तर त्या गल्लीपुरता वेगळा प्रस्ताव, वेगळं सर्वेक्षण, वेगळी अधिसूचना आणि वेगळे फलक लागतात. जिथे मुलं सायकल शिकतात आणि म्हातारी माणसं काठी टेकत पलीकडे जातात, तिथे राहणाऱ्यांनीच सिद्ध करायचं की इथे ५० जास्त आहे. बहुतेक ठिकाणी ते सिद्ध होतं ते अपघात झाल्यावर.

मूळ आकडाच ३० केला की पुराव्याचं हे ओझं दुसऱ्या बाजूला जातं. ३० साठी कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. ज्याला एखाद्या रस्त्यावर ५० हवे आहेत, त्याने कारण द्यायचं, मोजमाप दाखवायचं आणि फलक लावायचा. मूळ मर्यादा बदलण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. मात्र या बदलाने रस्त्याचा आकार बदलत नाही. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल तर कायद्यातला आकडा एकटा पुरत नाही. म्हणून फलकांवरचा आणि कागदपत्रांवरचा जो खर्च वाचतो, तो मोजक्या हट्टी रस्त्यांचा आकार बदलण्यात घालायचा. पुढचं सगळं या दोन गोष्टींबद्दल आहे.

३० च का?

समोर अचानक कुणी आलं तर चालकाला ते दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ५० ला गाडी सेकंदाला १३.९ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच जवळपास २१ मीटर संपतात. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे १४ मीटर लागतात. एकूण ३५. ताशी ३० ला हेच गणित साडेबारा अधिक पाच, म्हणजे साडेसतरा मीटरवर येतं.

आता १८ मीटरवर एक मूल उभ्या गाड्यांमधून रस्त्यावर आलं असं धरा. ३० ने येणारी गाडी मुलाच्या आधी थांबते. ४० ने येणाऱ्या गाडीचा ब्रेक जेमतेम लागलेला असतो आणि ती सुमारे ३७ च्या वेगाने आदळते. ५० ने येणाऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. ओल्या रस्त्यावर ५० ला थांबायचं अंतर ४० मीटरच्या घरात जातं, ३० ला ते १९–२० मीटरच राहतं.

आदळण्याचा परिणामही सरळ प्रमाणात वाढत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे ५० ला ती ३० च्या पावणेतीनपट असते. जर्मनीतल्या अपघातांच्या सविस्तर नोंदींवरून रोझेन आणि सँडर यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ५० ला ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त असतो. जुन्या अभ्यासांत ५० च्या धडकेत मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त सांगितलेलं आढळतं. त्या नोंदींत किरकोळ जखमींचे अपघात कमी आले होते, म्हणून तो आकडा फुगला. सभेत किंवा निवेदनात आकडे द्यायचे तर नवे द्या. ते पुरेसे बोलके आहेत, आणि जुना आकडा कुणी खोडून काढला की बाकीचं म्हणणंही संशयात येतं.

आणखी एक गणित हाताशी असावं. सरासरी वेग आणि अपघात यांचा संबंध स्वीडनच्या योरान निल्सन यांनी घातांकाच्या सूत्रात मांडला : जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे बदलतात. नॉर्वेच्या रूने एल्विक यांनी पुढे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शहरी रस्त्यांवर हा घातांक तीनच्या आसपास निघाला. तीनच धरा. सरासरी ४० वरून ३७ वर आली, तर जीवघेण्या अपघातांत सुमारे पाचव्या हिश्श्याची घट अपेक्षित धरता येते. "नुसता कायदा बदलून तीन किलोमीटर कमी झाले, त्याचं काय मोठं?" असं विचारणाऱ्यासाठी हे उत्तर आहे. एका गल्लीत तीन किलोमीटर ही छोटी गोष्ट असेल, पण संपूर्ण शहराच्या सगळ्या गल्ल्यांत तीन किलोमीटर ही मोठी गोष्ट आहे. मूळ मर्यादा बदलून मिळतं ते हेच.

नियम कसा लिहायचा

मला सगळ्यात नीटस वाटतो तो स्पेनचा नियम. ११ मे २०२१ पासून तिथे शहरी रस्त्याची मर्यादा रस्त्याच्या आकारावरून ठरते. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर असेल तर २०. दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असेल तर ३०. एका दिशेला दोन किंवा जास्त मार्गिका असतील तर ५०. चालकाला यादी पाठ करावी लागत नाही, फलक शोधावा लागत नाही. समोरचा रस्ता पाहिला की मर्यादा कळते. नगरपालिकेलाही रस्त्याचा आकार बदलला की मर्यादा आपोआप बदलून मिळते.

वेल्सने वेगळी वाट घेतली. तिथे पथदिवे १८३ मीटरपेक्षा, म्हणजे २०० यार्डांपेक्षा, जास्त अंतरावर नसलेल्या रस्त्यांना आधीपासून ताशी ३० मैल ही मूळ मर्यादा होती. १७ सप्टेंबर २०२३ ला ती २० मैल झाली, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. अपवाद करायचा अधिकार स्थानिक परिषदांकडे दिला आणि कसोट्या ठरवून दिल्या : रस्ता शाळा, समाजमंदिर किंवा रुग्णालयापासून १०० मीटर चालण्याच्या अंतरात आहे का, आणि रस्त्याला लागून दर किलोमीटरला २० पेक्षा जास्त घरं किंवा दुकानं आहेत का. यातलं काहीच नसेल तर वेग वाढवण्याचा विचार करायचा. कसोट्या साध्या होत्या. प्रत्यक्षात मात्र काही परिषदांनी बरेच अपवाद केले, काहींनी फारच थोडे. मुख्य वाहतुकीचे, वस्ती तुरळक असलेले काही रस्तेही २० मैलांत गेले आणि विरोध प्रामुख्याने त्याच रस्त्यांवरून पेटला. बदल रद्द करावा या मागणीच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. २०२४ मध्ये अपवादांची मार्गदर्शिका सुधारावी लागली. दुसरीकडे पहिल्याच वर्षात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवरच्या जखमींची संख्या साधारण पाव हिश्श्याने घटली.

यातून कामाचा धडा असा, की अपवादांची यादी नियम लागू होण्याच्या आधी, नकाशावर आणि लोकांसमोर तयार हवी. अपवाद ठरणाऱ्या रस्त्यांची यादी बदलानंतर दुरुस्त करत बसलं, की चांगल्या नियमाचीही बदनामी होते.

जर्मनीत शहरातली मूळ मर्यादा अजूनही ५० आहे आणि वस्त्यांमध्ये ३० चे विभाग आखले जातात. बुक्स्टेहुडे या गावात १९८३ साली तिथला पहिला प्रयोग झाला. विभागात शिरताना एक फलक, बाहेर पडताना दुसरा. आतल्या चौकात सहसा "उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या" हा नियम. या नियमामुळे प्रत्येक चौकात गाडी आपोआप हळू होते, आणि त्याला ना रंग लागतो ना सिमेंट. शेजारच्या ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराने १९९२ मध्ये प्राधान्याचे मोठे रस्ते वगळून सगळीकडे ३० केलं. ब्रुसेल्सने १ जानेवारी २०२१ पासून, पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टअखेर आणि ॲम्स्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये असाच मार्ग धरला. हेलसिंकीत अर्ध्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा ३० आहे. जुलै २०२५ मध्ये संपलेल्या बारा महिन्यांत त्या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. याचं श्रेय एकट्या वेगमर्यादेचं नाही. पदपथ, सार्वजनिक वाहतूक आणि कॅमेरे यांचाही त्यात वाटा आहे. पण वेग आटोक्यात नसता तर बाकीच्या गोष्टी एवढ्या कामाला आल्या नसत्या.

फलकांबद्दल एक बारकावा, जो हमखास चुकतो. मूळ मर्यादा बदलली की फलकांचं सगळं गणित उलटं होतं. आधी ३० च्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ३० चे छोटे फलक लागायचे. आता ते काढायचे, आणि अपवाद म्हणून ५० राहिलेल्या रस्त्यावर ५० चे छोटे फलक लावायचे. जुने फलक काही गल्ल्यांत राहिले तर चालक समजतो की जिथे फलक नाही तिथे जुनीच मर्यादा आहे. त्यामुळे काढायच्या फलकांची यादी ही लावायच्या फलकांच्या यादीइतकीच काळजीने करा. शिवाय वेगमर्यादेची डिजिटल माहिती त्याच दिवशी नकाशा कंपन्यांना मिळाली पाहिजे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती फलक वाचते कॅमेऱ्याने आणि जिथे फलक नाही तिथे नकाशावर विसंबते. नकाशात जुने ५० राहिले, तर गाडीच चालकाला चुकीचा आकडा दाखवत राहते.

आधी मोजा

मोजमाप न करता काम सुरू केलं तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. किमान सात पूर्ण दिवस मोजा. त्यात सुट्टीचा आठवडा, शेजारच्या रस्त्याचं काम किंवा सततचा पाऊस नको. जागा दोन चौकांच्या मधोमध, सरळ भागात घ्या. चौकापासून किंवा आधीच्या गतिरोधकापासून निदान ५० मीटर दूर. गतिरोधकाजवळ मोजलं तर आकडा त्या गतिरोधकाचा येतो, रस्त्याचा येत नाही.

रस्त्यावर रबरी नळ्या टाकून मोजत असाल (चाक एका नळीवरून दुसरीवर जायला लागणाऱ्या वेळेवरून यंत्र वेग काढतं), तर दोन नळ्यांमधलं अंतर फीत लावून तपासा. यंत्रात एक मीटर भरलाय आणि प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर जास्त आहे, तर प्रत्येक वेग पाच टक्क्यांनी कमी दिसतो. वाहनांच्या वर्दळीने नळी सरकते, म्हणून दर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहा. हलक्या दुचाकी नळीवरून कधी कधी नोंदल्याच जात नाहीत. खांबावरच्या रडारला ही अडचण नाही, पण ते रस्त्याच्या दिशेशी कोनात बसतं. कोन २० अंशांचा असेल आणि यंत्रात त्याची दुरुस्ती भरली नसेल, तर वेग सहा टक्क्यांनी कमी दिसतो. मोजणी यंत्राची पेटी चालकाला उठून दिसेल अशी बसवू नका. पोलिसांची वाटली की सगळे हळू होतात.

पुढच्या गाडीपासून चार सेकंदांहून जास्त अंतर असलेल्या गाड्याच हिशेबात घ्या. रांगेतली गाडी तिच्या चालकाची इच्छा सांगत नाही, पुढच्या गाडीचा वेग सांगते. हातातल्या रडारने मोजणार असाल, तर प्रत्येक दिशेच्या निदान १०० मोकळ्या गाड्या हव्यात. वेगाचा पसारा (प्रमाण विचलन, म्हणजे गाड्यांचे वेग सरासरीपासून साधारण किती दूर असतात) ताशी ८ किलोमीटर धरला, तर १०० गाड्यांवरून काढलेली सरासरी दोन्ही बाजूंना दीडेक किलोमीटरने चुकू शकते. म्हणजे एक-दोन किलोमीटरचा फरक एवढ्या गाड्यांवरून सिद्ध होत नाही; ४०० गाड्या मोजल्या की चूक निम्मी होते. मर्यादा न बदलणारा, तसाच एखादा रस्ता तुलनेसाठी निवडा आणि तिथेही त्याच आठवड्यात मोजा.

अहवालात दोन आकडे वेगळे लिहा : सरासरी, आणि ८५ टक्के गाड्या ज्याच्या खाली आहेत तो वेग. दोन गल्ल्यांची सरासरी ३३ च असू शकते, पण एकीचा ८५ टक्क्यांचा आकडा ३८ आणि दुसरीचा ४७. पहिलीत सगळेच थोडे जास्त जातात, तिथे कायद्यातला बदल आणि प्रवेशाची खूण पुरेल. दुसरीत बहुतेक लोक शांतपणे जातात आणि काही जण सुसाट जातात. तिथे फलकाचा उपयोग शून्य, रस्त्याचा आकार बदलायला किंवा देखरेखीला पर्याय नाही. तासानुसार पत्रकही बघा. रात्री अकरानंतरचा वेग दिवसाच्या सरासरीत लपतो.

८५ टक्क्यांचा आकडा निदानासाठी चांगला, मर्यादा ठरवण्यासाठी वाईट. बहुतेक चालक ज्या वेगाने जातात तीच मर्यादा योग्य, ही जुनी पद्धत वस्तीत लावली की लोक थोडे जास्त जातात, म्हणून मर्यादा वाढते, म्हणून लोक आणखी थोडे जास्त जातात. रस्ता ओलांडू न शकलेला माणूस त्या मोजणीत कधीच येत नाही.

नुसत्या फलकाकडून किती अपेक्षा ठेवायची? ब्रिटिश मार्गदर्शिकेचा अनुभव असा, की केवळ फलक लावून सरासरी वेग साधारण एक मैलाने उतरतो. म्हणून आधीच सरासरी २४ मैल किंवा कमी असलेल्या रस्त्यांवरच फक्त फलकावर भागवा, असं तिथे सांगतात. याउलट लंडनमध्ये गतिरोधक, अरुंद प्रवेश वगैरे बांधकामासह केलेल्या २० मैलांच्या विभागांत, १९८६ ते २००६ या काळाच्या अभ्यासात, जखमींची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेली आढळली.

रस्त्याचा आकार

वेग कमी करणारी कोणतीही गोष्ट सलग साखळीत असली तरच काम करते. एकच गतिरोधक टाकला की गाडी तिथे हळू होते आणि पुढच्या शंभर मीटरांत गेलेला वेळ भरून काढते, आवाजही वाढतो. ३० साठी अशा जागांमधलं अंतर ६० ते ७५ मीटर ठेवा. १०० च्या पुढे गेलात तर मधला वेग ४० कडे सरकतो. पहिली खूण चौकातून आत वळल्या वळल्या, ४० मीटरच्या आत हवी. गाडी वळताना हळूच असते. तिला वेग घेऊ न देणं हे नंतर वेग उतरवण्यापेक्षा सोपं.

गतिरोधकाचं माप हा सर्वात जास्त बिघडणारा भाग. गोल माथ्याचा प्रमाण गतिरोधक प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि ७५ ते १०० मिलिमीटर उंच असतो. १०० मिलिमीटर उंचीला माथ्याची त्रिज्या सुमारे १७ मीटर येते. हे वक्र लाकडी साच्याने तपासायचं. नजरेच्या अंदाजाने केलेला गतिरोधक जवळजवळ नेहमी टोकदार होतो. अर्धा मीटर लांबीचा उंच उंचवटा तर मुळीच नको. त्याचा हादरा कमी वेगालाच सर्वात जास्त बसतो; वेगाने गेलं तर चाक आणि स्प्रिंग तो गिळून टाकतात. त्यामुळे सावकाश जाणाऱ्याला, दुचाकीस्वाराला आणि पाठीच्या रुग्णाला शिक्षा होते आणि सुसाट जाणारा सुटतो. जिथे सायकली जास्त असतील तिथे चढ-उताराला लाटेसारखा हलका आरंभ देणारा गतिरोधक घ्या. वेगावरचा परिणाम जवळपास तोच राहतो, धक्का कमी होतो.

बस जाणाऱ्या रस्त्यावर सपाट माथ्याचा उंचावलेला भाग बांधावा. वरचा सपाट भाग किमान सहा मीटर हवा, म्हणजे बसची पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी सपाट भागावर मावतात. दोन्ही बाजूंचा उतार एकास दहाच्या आसपास. हा भाग पदपथाच्या उंचीला आणला की तिथेच पायी ओलांडण्याची जागा मिळते आणि चाकाच्या खुर्चीला पायरी उरत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनांच्या मार्गावर उशीसारखे छोटे उंचवटे चालतात. त्यांची रुंदी १.६ ते १.७ मीटर ठेवली तर मोठ्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी जातात आणि मोटारीचं निदान एक चाक वर चढतंच. पण उशीच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहू लागल्या तर सगळे रस्त्याच्या मधून चालवतात आणि समोरासमोर येतात. तिथे उभं राहायला मनाई नसेल तर उशा टाकू नका.

पाण्याचा विचार कागदावर राहतो आणि पहिल्या पावसात उघडा पडतो. गतिरोधक पदपथाच्या कडेपर्यंत भिडवला की चढाकडच्या बाजूला तळं साचतं. कडेला २०० मिलिमीटरचा उतरता पट्टा मोकळा ठेवा, किंवा चढाच्या बाजूला पाणी जाणारी जाळी बसवा. शयनगृहाच्या खिडकीसमोर आणि मऊ जमिनीवर गतिरोधक टाळा. रिकामा ट्रक त्यावरून गेला की आवाज आणि कंप दोन्ही घरात शिरतात.

रुंदीचं काम गतिरोधकापेक्षा शांत आहे आणि मला तेच जास्त पटतं. दोन मोटारींना एकमेकींना ओलांडायला ४.१ मीटर पुरतात, मोटार आणि ट्रकला ४.८, दोन ट्रकना ५.५. वस्तीतला नऊ मीटर रुंद रस्ता म्हणजे वेग वाढवण्याचं निमंत्रण. उरलेली रुंदी पदपथाला, झाडांना किंवा आलटून पालटून दोन बाजूंना आखलेल्या पार्किंगला द्या. पार्किंग बाजू बदलत राहिलं की सरळ रेषा मोडते. इथली नेहमीची चूक म्हणजे नागमोडी रचना इतकी सैल ठेवणं, की मधून सरळ आरपार रेषा उरते. चालक ती रेषा पकडतो आणि वेग जसाच्या तसा राहतो. डोळ्यांच्या उंचीवरून पाहिल्यावर आरपार रस्ता दिसतोय का, हे खुणेच्या शंकूंनी एक दिवस मांडून बघा, मगच बांधकाम. एकावेळी एकच गाडी जाईल असा अरुंद भाग समोरून गाड्या येत असतील तरच काम करतो. तुरळक रहदारीत कुणी थांबतच नाही, म्हणून तिथे त्याच जागी उंचवटाही हवा.

चौकातली कड सहा-दहा मीटर त्रिज्येची असते, म्हणून गाड्या न थांबता वळतात. ती तीन मीटरवर आणली की वळण्याचा वेग उतरतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. सात मीटरचा रस्ता पदपथ पुढे घेऊन साडेचार मीटर केला, तर सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाचा रस्त्यावरचा वेळ पावणेनऊ सेकंदांवरून साडेपाचच्या आसपास येतो. ओलांडण्याच्या जागेच्या अलीकडे पाच ते दहा मीटर गाड्या उभ्या राहू देऊ नका. रंगाचा पट्टा पुरत नाही. तिथे सायकलींचे स्टँड किंवा ठेंगणी झाडं लावा, म्हणजे मुलाचं डोकं चालकाला दिसतं.

मुख्य रस्ता तुंबला की गल्लीतून वाट काढणारी रहदारी असेल, तर वेगाचे सगळे उपाय अपुरे पडतात, कारण त्या चालकांना घाईच असते. तिथे गल्ली मधोमध खांबांनी बंद करणं सर्वात परिणामकारक ठरतं. खांबांमधलं अंतर दीड मीटर ठेवलं की सायकल, चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जातात, मोटार जात नाही. मधले दोन खांब किल्लीने निघणारे ठेवा आणि अग्निशमन दलाला बंद करण्याआधी विचारा. त्यांना साधारण ३.७ मीटरची मोकळी वाट लागते.

आक्षेप

"वेळ फार जातो." वस्तीतला भाग अर्धा किलोमीटर धरा. अखंड ५० ने तो ३६ सेकंदांत संपतो, अखंड ३० ने ६० सेकंदांत. फरक २४ सेकंद. तोही कागदावरचा, कारण वस्तीत चौक, वळणं आणि उभ्या गाड्यांमुळे अखंड ५० कुणालाच मिळत नाहीत.

"धूर वाढतो." स्थिर वेगाने लांब जाताना पेट्रोलच्या इंजिनाला ५० चा वेग ३० पेक्षा सोयीचा असतो, हे खरं. पण वस्तीत गाडी सतत थांबते आणि पुन्हा निघते. शून्यावरून ३० ला जायला लागणारी गतिज ऊर्जा ५० ला लागणाऱ्या ऊर्जेच्या ३६ टक्के आहे, आणि प्रत्येक ब्रेकला ती उष्णता होऊन वाया जाते. गतिरोधक वाईट अंतरावर टाकून गाड्यांना पुन्हा पुन्हा वेग घ्यायला लावलं तर मात्र हा फायदा निघून जातो. आवाजात ५० वरून ३० ला साधारण दोन-तीन डेसिबलची घट मिळते, जवळजवळ रहदारी निम्मी झाल्याइतकी.

"मोटारीत ३० धरून ठेवता येत नाही." इथे वेगदर्शकाची एक गोष्ट सांगायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमानुसार मोटारीचा वेगदर्शक खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही; जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवू शकतो. म्हणजे खरा वेग ३० असताना काटा ३७ वरही असू शकतो. काटा ३० वर ठेवणारा चालक बहुधा २७–२८ नेच जात असतो, आणि मागच्याला तो उगाच हळू वाटतो. देखरेख करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर सवलतीची पट्टी फार सैल ठेवायची गरज उरत नाही. सवलत दहा किलोमीटरची दिली की चालकांच्या लेखी मर्यादा ४० होते.

नंतरचं वर्ष

सुरुवातीचे काही आठवडे दंडाऐवजी ताकीद द्या, तारीख जाहीर करा आणि त्या तारखेनंतर खरोखर दंड करा. चालकाचा वेग दाखवणारे उजळ फलक परिणामकारक असतात, पण एकाच जागी राहिले की नजर त्यांना सरावते. दर दोन-तीन आठवड्यांनी हलवा. मोजणी तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात, त्याच जागी, त्याच यंत्राने, तुलनेच्या रस्त्यासह. तिसऱ्या महिन्याचा आकडा बहुधा जास्त चांगला येतो, म्हणून निर्णय बाराव्यावर घ्या. अपघातांच्या संख्येवरून एका गल्लीचा निष्कर्ष काढू नका, ती फार छोटी असते. ती संपूर्ण शहराची, आणि आधीच्या निदान तीन वर्षांशी ताडून बघायची.

बाराव्या महिन्यातही ज्या रस्त्यांची सरासरी ३८ च्या वर राहिली, त्यांची यादी डांबरीकरणाच्या वार्षिक यादीशी जुळवा. कड पुढे घेणं, चौक आवळणं, पार्किंग नव्याने आखणं ही कामं डांबरीकरणाबरोबर केली तर खर्चाचा मोठा भाग वाचतो. आणि त्या कामात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची : जुना थर खरवडून न काढता वर ४०–५० मिलिमीटरचा नवा थर टाकला, की ७५ मिलिमीटरचा गतिरोधक २५–३५ मिलिमीटरचा उरतो आणि पदपथाची कडही तेवढीच बुटकी होते. कंत्राटात आधी खरवडण्याची अट घाला, आणि बिल मंजूर करण्याआधी सरळ पट्टी टेकवून प्रत्येक गतिरोधकाची उंची मोजून घ्या.